स्कॅन कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिकेच्या ६७ वर्षांच्या वडिलांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग आहे. दोन वर्षांपूर्वी पाठ दुखू लागली तेव्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये ‘वयोमानानुसार झीज’ एवढेच निघाले. पाच महिन्यांनी एमआरआय केल्यावर एक मणका खचलेला आढळला आणि मग निदान झाले. औषधोपचार आणि स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण पार पडले. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी केलेल्या पेट-सीटीत (सक्रिय आजार शोधणाऱ्या स्कॅनमध्ये) कोठेही सक्रिय आजार दिसला नाही, आणि आरंभी बरेच वाढलेले रक्तातील एम-प्रथिन, म्हणजे मायलोमाच्या पेशी बनवतात ते प्रथिन, आजही सापडत नाही. तरीही खात्री असावी म्हणून भावाने अलीकडे दुसऱ्या एका केंद्रात संपूर्ण शरीराचे सीटी करून घेतले. त्या अहवालात ‘कवटी, मणके, बरगड्या व कटीच्या हाडांत अनेक लायटिक छिद्रे’ (हाड झिजून पडलेली छिद्रे) असे आले आणि घर हादरले. दर तीन महिन्यांनी पेट-सीटी करायलाच हवे, असे भाऊ म्हणतो; सध्या गरज नाही, असे उपचार करणारे डॉक्टर म्हणतात; आणि ‘मला आता पुन्हा त्या नळकांड्यात घालू नका’, असे वडील म्हणतात. मूत्रपिंडे थोडी दुबळी झालेली असल्याने स्कॅनच्या इंजेक्शनांचीही धास्ती आहे. वडिलांना स्कॅनसाठी राजी कसे करावे, असे पत्रलेखिका विचारतात.

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. वडिलांना राजी कसे करावे हा तुमचा प्रश्न मी जरा बाजूला ठेवणार आहे, कारण त्या प्रश्नात एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली आहे : स्कॅनची गरज आहेच, अडसर आहे तो फक्त वडिलांच्या नकाराचा. ते खरे आहे का, हे आधी पाहू. मी वडिलांच्या प्रतिमा पाहिलेल्या नाहीत, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या शब्दाचे वजन माझ्या शब्दापेक्षा नेहमीच अधिक राहील. परंतु त्या डॉक्टरांना काय विचारावे आणि हाती आलेला अहवाल कसा वाचावा, याविषयी तुम्हाला आणि तुमच्यासारख्या इतर कुटुंबांना उपयोगी पडेल असे काही सांगता येईल.

सुरुवात त्या पहिल्या एक्स-रेपासून करावी लागेल, कारण तुमच्या पत्रातली सगळी भीती तेथून उगम पावते. ‘एक्स-रेने आम्हाला फसवले आणि आम्ही पाच महिने गमावले’, असे तुम्ही लिहिले आहे. साध्या एक्स-रेमध्ये हाडातले छिद्र दिसायला लागते ते त्या जागचा हाडाचा जाळीदार भाग साधारण ३० ते ५० टक्के नाहीसा झाल्यावर. त्याआधी हाड आतून कितीही पोखरले जात असले तरी चित्र स्वच्छच दिसते, आणि मणक्यांच्या बाबतीत आतड्यातला वायू व एकमेकांवर पडणाऱ्या सावल्या आणखी अडथळा आणतात. १९७५ साली ड्यूरी आणि साल्मन या डॉक्टरांनी या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या तेव्हा हाडांसाठी एक्स-रे हेच साधन होते, आणि पुढे कित्येक दशके साऱ्या सांगाड्याचे एक्स-रे काढण्याची पद्धत चालू राहिली. २०१४ साली निदानाचे निकष सुधारण्यात आले तेव्हा सीटी किंवा पेट-सीटीवर दिसलेले ५ मिलिमीटर वा त्याहून मोठे एक छिद्रही हाडांच्या आजाराचा पुरावा म्हणून स्वीकारले गेले. २०१९ साली इंटरनॅशनल मायलोमा वर्किंग ग्रुप या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने एक्स-रेऐवजी कमी मात्रेचे संपूर्ण शरीराचे सीटी आधी करावे, अशी शिफारस केली. हे सगळे सांगण्याचे कारण असे की तो एक्स-रे खोटे बोलला नाही. त्याला जे दिसूच शकत नव्हते ते त्याने सांगितले नाही. पाठदुखी घेऊन येणाऱ्या बहुसंख्य माणसांना हा आजार नसतो, त्यामुळे पहिल्याच भेटीत कोणाच्या मनात तो आला नाही याचा दोष तुम्ही स्वतःकडे घ्यावा असे त्यात काहीही नाही.

मात्र त्या अनुभवातून तुम्ही दोघा भावंडांनी काढलेला धडा मला पुरता बरोबर वाटत नाही. तुम्ही असे ठरवून टाकले की तपासणी कमी पडली म्हणून घात झाला, तेव्हा आता ती कितीही केली तरी कमीच. वास्तविक त्या वेळी तपासण्यांची संख्या कमी पडली नव्हती. जो प्रश्न होता त्याला न पेलणारी तपासणी वापरली गेली होती. तुमच्या भावाने नुकतेच करून घेतलेले सीटी मला त्याच जातीचे वाटते, फक्त उलट्या दिशेने.

वाळवी लागलेला लाकडी वासा डोळ्यांसमोर आणा. औषध मारले, वाळवी मेली, तरी तिने पाडलेली भोके वाशात राहतातच. त्या वाशाचे नुसते चित्र काढले तर ‘अनेक ठिकाणी पोखरलेला’ असाच शेरा येईल, आणि तो खराही असेल. वाळवी जिवंत आहे की मेली, हे त्या शेऱ्यावरून कळणार नाही. मायलोमात नेमके हेच घडते. निरोगी हाडात झिजवणाऱ्या पेशी आणि घडवणाऱ्या पेशी यांचे काम एकमेकींना धरून चालते. मायलोमाच्या पेशी झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात आणि घडवणाऱ्या पेशींना दाबून टाकतात, म्हणून छिद्रे पडतात. आणि घडवणाऱ्या पेशींवरचा हा दाब आजार आटोक्यात आल्यावरही सहजासहजी सुटत नाही, म्हणून ती छिद्रे भरून येत नाहीत. काहींच्या कडा कालांतराने घट्ट होतात. पुष्कळशी वर्षानुवर्षे आहेत तशीच दिसत राहतात. तेव्हा रक्तातले एम-प्रथिन नाहीसे झालेल्या माणसाच्या सीटीवर छिद्रे दिसणे यात विसंगती काहीच नाही. ती झालेल्या नुकसानीची नोंद आहे.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे परत जाऊ. अहवालाचा मजकूर उतरवताना तुम्ही त्याची शेवटची ओळही लिहिली आहे : ‘तुलनेसाठी पूर्वीच्या प्रतिमा उपलब्ध नाहीत.’ तुम्ही ती लिहून पुढे गेलात. माझ्या मते त्या अख्ख्या अहवालातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. उपचार झालेल्या रुग्णाच्या सीटीत छिद्रे किती, याला फारसा अर्थ नसतो. ती मागच्यापेक्षा वाढली का, एखादे नवे उगवले का, आहे त्याच्या आत वा बाहेर मांसल भाग दिसतो का, याला अर्थ असतो. नव्या केंद्रातल्या रेडिओलॉजिस्टसमोर जुन्या प्रतिमा नव्हत्या, म्हणून त्यांनी जे दिसले ते प्रामाणिकपणे मोजून लिहिले. निदानाच्या वेळचे आणि प्रत्यारोपणानंतरच्या पेट-सीटीतले सीटीचे चित्र त्यांना मिळाले असते, तर कदाचित ‘पूर्वीइतकीच’ असा एक शब्द अहवालात आला असता आणि तुमच्या घराची झोप उडाली नसती. म्हणून नवा कोणताही स्कॅन करण्याआधी एक काम करा : सगळ्या जुन्या तपासण्यांच्या मूळ प्रतिमा, नुसते कागदी अहवाल नव्हेत, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मिळवा आणि या नव्या सीटीची त्यांच्याशी तुलना करून पुरवणी अहवाल द्यावा, अशी विनंती करा. वडिलांना घरातून हलवावेही लागणार नाही. पुढेही तपासण्या शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने व्हाव्यात, कारण यंत्र बदलले, छेदांची जाडी बदलली, की लहानसहान फरक आजाराचे आहेत की यंत्राचे, हे सांगणे अवघड होते.

कोणते यंत्र काय पाहते, हेही एकदा नीट समजून घेतलेत तर भावाशी होणारा वाद पुष्कळ सौम्य होईल. सीटी हाडाचा सांगाडा पाहते : छिद्र कोठे आहे, हाड मोडण्याच्या बेतात आहे का, मणका किती खचला. एमआरआय हाडाच्या आतली मज्जा पाहतो, म्हणून हाडाला छिद्र पडण्याआधीच तेथे गोळा झालेल्या पेशी त्याला दिसू शकतात. ज्यांना अद्याप कसलाही त्रास नाही अशा सुप्त अवस्थेतल्या रुग्णांत एमआरआयवर ५ मिलिमीटर वा त्याहून मोठी एकाहून अधिक ठिकाणे आढळली तर उपचार सुरू करावेत, असे २०१४ पासून मानले जाते. मज्जारज्जूवर दाब आला आहे का, हेही सर्वांत स्पष्टपणे एमआरआयच सांगतो. परंतु उपचारानंतर त्या जागा एमआरआयवर कित्येक महिने रेंगाळताना दिसतात. पेट-सीटीमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती जेथे अधिक वापरली जाते ती जागा उजळते. वाळवी जिवंत आहे का, या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारी तपासणी ही, आणि म्हणूनच उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी ती वापरतात. काहींना कोणीतरी साधा बोन स्कॅन सुचवते. त्यातले द्रव्य नवे हाड जेथे घडत असते तेथे जमते, आणि मायलोमात हाड घडण्याचेच काम बंद पडलेले असते, त्यामुळे या आजारासाठी ती तपासणी कमकुवत ठरते.

मग दर तीन महिन्यांनी पेट-सीटी का नको? तुमच्या वडिलांच्या आजाराची आरंभापासून रक्तात स्पष्ट खूण होती, असे तुमच्या पत्रावरून दिसते. अशा रुग्णांत आजार परततो तेव्हा बहुधा आधी रक्तच बोलते : एम-प्रथिन किंवा मुक्त हलक्या साखळ्या (त्याच पेशी रक्तात सोडतात ते प्रथिनांचे सुटे तुकडे) वाढू लागतात, आणि मग तो कोठे आहे हे पाहण्यासाठी स्कॅन करतात. नियमित रक्ततपासणी हाच तुमच्या घरचा पहारेकरी आहे. हे सर्वांना लागू नाही, हेही येथे सांगायला हवे. काही थोड्या रुग्णांच्या रक्तात ही प्रथिने फारच कमी किंवा अजिबात नसतात. काहींचा आजार हाडांबाहेर मांसल गाठींच्या रूपात येतो. काहींच्या रक्तात सारे स्वच्छ असूनही उपचारानंतरच्या पेट-सीटीत एखादी जागा उजळत राहते, आणि अशांचा आजार लवकर परतण्याचा संभव अधिक असतो. यांपैकी कोणासाठीही ठरावीक अंतराने स्कॅन करणे शहाणपणाचे असते, आणि ते अंतर त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावे. तेव्हा डॉक्टरांना ‘पेट-सीटी करू या का’ असे विचारण्याऐवजी असे विचारा : वडिलांचा आजार केवळ रक्तावरून ओळखता येईल अशा प्रकारचा आहे का? आणि स्कॅन केला तर त्याच्या कोणत्या निकालाने उपचार बदलतील? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणत्याच नाही’ असे आले, तर तो स्कॅन वडिलांसाठी नसून तुम्हा दोघांच्या धास्तीसाठी असेल. ती धास्ती खोटी आहे असे मी मुळीच म्हणत नाही. पण तिच्यावर उपाय वडिलांच्या शरीरावर व्हावा का, याचा विचार करावा.

शिवाय पेट-सीटीचेही चुकते. संसर्ग झालेला असेल, हाड नुकतेच मोडलेले असेल, मणक्यात सिमेंट भरलेले असेल, किंवा पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने अलीकडेच दिलेली असतील, तरी जागा उजळतात. स्टेरॉइडमुळे ठिसूळ झालेला मणका आजाराशिवायही खचतो आणि स्कॅनवर चमकतो. एकदा चमक दिसली की तिच्या मागे सुईने तुकडा काढणे आले, वाट पाहणे आले, घरातली कुजबुज आली. उलट बाजूने, सुमारे दहातील एका रुग्णाच्या मायलोमाच्या पेशी ही साखर नीट धरून ठेवत नाहीत, त्यामुळे आजार असूनही चित्र काळोखे राहते. निदानाच्या वेळच्या पेट-सीटीत वडिलांचा आजार उजळला होता की नाही, हे म्हणूनच विचारून घ्या. किरणांविषयी थोडक्यात सांगतो : कमी मात्रेच्या सीटीतून साधारण ३ ते ६ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मिळतात, निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतात, आणि पेट-सीटीचा आकडा सहसा सीटीपेक्षा मोठा असतो. या वयात, गरजेच्या स्कॅनला त्यासाठी नकार देण्याचे कारण नाही.

इंजेक्शनांची तुमची भीती मात्र योग्य जागी आहे, फक्त ती सर्व इंजेक्शनांना सरसकट लागू होत नाही. मायलोमात मूत्रपिंडे आधीच ताणाखाली असतात, म्हणून सीटीसाठी देण्यात येणारे आयोडीनयुक्त द्रव्य जपून वापरावे लागते आणि शरीरात पाणी पुरेसे असावे लागते. परंतु हाडांसाठीच्या कमी मात्रेच्या सीटीला कसलेही इंजेक्शन लागत नाही. पेट-सीटीतली साखर ही आयोडीनयुक्त द्रव्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे आणि ती मूत्रपिंडांना इजा करत नाही. एमआरआयमध्ये मज्जा पाहण्यासाठी बहुधा द्रव्याविना काम भागते. गॅडोलिनियम हे एमआरआयचे द्रव्य द्यायचेच असेल तर, मूत्रपिंडे फार क्षीण झालेल्यांमध्ये त्वचा आखडण्याचा एक गंभीर विकार त्यातील जुन्या प्रकारांमुळे होत असल्याचे २००६ साली लक्षात आले, आणि तेव्हापासून सुरक्षित प्रकार निवडले जातात. मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातील क्रिएटिनिनचा ताजा आकडा सोबत न्या, ‘मायलोमा आहे’ हे तंत्रज्ञाला स्वतःहून सांगा, आणि टेबलावर उताणे पडणे सुसह्य व्हावे म्हणून दुकानातून सहज मिळणाऱ्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडांना त्या द्रव्याइतक्याच महाग पडू शकतात. त्या दिवशी कोणती गोळी चालेल, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आता वडिलांकडे येतो. तुमच्या चार पानी पत्रात त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, आणि त्यात ते ‘नळकांडे’ म्हणतात. मला वाटते ते एमआरआयविषयी बोलत असावेत. खचलेल्या मणक्यावर पाठ टेकून, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, पाऊण तास न हलता पडून राहणे कोणत्याही माणसाला नकोसे होईल. पण तुम्ही दोघे भांडता आहात ते पेट-सीटीवरून, आणि त्याचे यंत्र एमआरआयपेक्षा सहसा रुंद व मोकळे असते. त्यात साखर टोचल्यावर सुमारे तासभर शांत पडून राहावे लागते, प्रत्यक्ष स्कॅन त्यामानाने लवकर उरकतो. हाडांचे सीटी तर काही मिनिटांत संपते. त्यांचा नकार नेमका कशाला आहे, हे त्यांना एकट्याने बसून विचारा : यंत्राला, वेदनेला, उपाशी राहून वाट पाहण्याला, की निकाल ऐकण्याला? यंत्राची भीती असेल तर उपाय आहेत. आत जाण्याआधीच डोळ्यांवर पट्टी बांधणे, हातात घंटीचा फुगा असणे, गुडघ्यांखाली उशी, तपासायच्या भागानुसार जमत असेल तर पायांकडून आत जाणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने सौम्य शामक औषध, आणि धातूची तपासणी करून खोलीत बसू दिले जाणारे आपले माणूस. निकाल ऐकण्याची भीती असेल तर ती यापैकी कशानेही जाणार नाही, आणि तेव्हा बोलणे स्कॅनविषयी नसून त्यांना किती जाणून घ्यायचे आहे याविषयी करावे लागेल. तो अधिकार त्यांचा आहे.

एका बाबतीत मात्र मी कोणालाही सवलत देणार नाही. पायांत नव्याने अशक्तपणा आला, चालताना पाय लटपटू लागले, बसण्याच्या जागी किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता आली, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन तातडीने एमआरआय करावा लागतो, मग रात्र असो वा सुट्टी. पाठीच्या नव्या, वाढत्या दुखण्यासाठीही पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. तुमच्या घराला पाच महिन्यांच्या विलंबाची जी खंत आहे, तिची भरपाई तिमाही स्कॅनने होणार नाही. या लक्षणांना काही तासांत प्रतिसाद दिल्याने मात्र वडिलांचे पाय वाचू शकतात. पडल्याशिवाय किंवा जड उचलल्याशिवाय एखादे हाड अचानक दुखू लागले, अतिशय तहान व गुंगी येऊ लागली, किंवा रक्ततपासणीचे आकडे चढू लागले, तरीही डॉक्टर स्वतःच स्कॅन सुचवतील, आणि तेव्हा त्या स्कॅनसमोर स्पष्ट प्रश्न असेल.

भावाला खोडून काढू नका. त्याने ते सीटी घाईने केले असले तरी पोटतिडकीने केले, आणि जुन्या प्रतिमांशी तुलना झाली की तेच सीटी पुढच्या वर्षांसाठी उपयोगी आधाररेषा ठरेल. प्रतिमांच्या सीडी, तारखा आणि रक्ताचे आकडे एका वहीत लावून ठेवण्याचे काम त्याच्याकडे द्या. काहीतरी करत राहण्याची त्याची निकड त्या वहीत सार्थकी लागेल, आणि दर भेटीत ती डॉक्टरांच्याही कामी येईल.

मग तुम्ही दोघे मिळून वडिलांशी एक बोली करा. रक्त स्वच्छ आहे आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर कोणीही त्यांना यंत्रात घालणार नाही; आणि वर लिहिलेल्यांपैकी एकही लक्षण दिसले, तर वडील ते लपवणार नाहीत आणि त्या दिवशी वाद न घालता निघतील. पुढच्या भेटीत ही बोली डॉक्टरांना तुम्ही सांगू नका, भावालाही सांगू देऊ नका. वडिलांना सांगू द्या.